मिसिसागात चौघांचे बाहेरचे आशियाई जेवण 60 डॉलरांत कसे बसवावे?

आपण लिहिले आहे की नोकरीनिमित्त कॅनडात टोरंटोजवळच्या मिसिसागात येऊन आपल्याला वर्ष झाले. घरी आपण दोघे आणि दोन मुले आहात. पत्नी शाकाहारी असून अंडेही खात नाहीत आणि मुलांना मात्र नूडल्स व डम्पलिंग यांखेरीज काही सुचत नाही. दर शनिवारी बाहेर जेवले की बिल 80 ते 90 डॉलरांवर जाते. त्यात जुलैमध्ये आई-वडील येणार आहेत आणि आई चातुर्मास पाळतात, म्हणजे कांदा-लसूण चालणार नाही. तेव्हा 60 डॉलरांत भागेल अशा चिनी, व्हिएतनामी, कोरियन हॉटेलांची यादी आपण मागितली आहे.

यादी देणे मला सोपे होते, पण ती सहा महिन्यांत शिळी होईल. येथील छोट्या हॉटेलांचे मालक बदलतात, स्वयंपाकी बदलतात आणि पाटी तीच राहून चव व दर दोन्ही बदलतात. मी पूर्वी येथील एका हाका (हक्का), म्हणजे भारतीय धर्तीच्या चायनीज हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम केले असून आता स्वतःचे लहानसे केटरिंगचे किचन चालवतो. त्यामुळे दर कसा ठरतो हे मी आतल्या बाजूने पाहिलेले आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की एकाच हॉटेलात तेच कुटुंब 50 डॉलरांतही जेवू शकते आणि 90 डॉलरांतही. फरक पडतो तो कोणता पदार्थ, कोणत्या वेळी आणि कोणत्या पद्धतीने मागवला यावर. आपण शहराच्या कोणत्या भागात राहता, गाडी आहे की नाही आणि शाकाहाराबाबत किती काटेकोर आहात यावर मात्र पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

प्रथम बिलाचा हिशेब पाहू, कारण आपले वीस डॉलर तेथेच जात आहेत. मेनूवरील दरांची बेरीज 60 डॉलर झाली, तर ओंटारियो प्रांतातील 13 टक्के एचएसटी (विक्रीकर) धरून ती 67.80 होते. कार्डाचे मशीन समोर येते तेव्हा त्यावर पहिला पर्याय बहुधा 18 टक्के टिपचा असतो आणि अनेक मशीन ती टिप करासहित रकमेवर काढतात; म्हणजे आणखी 12.20 डॉलर. साठाचे बरोबर 80 झाले. हाच हिशेब उलटा केला, तर हॉटेलात बसून 60 डॉलरांत जेवायचे असल्यास मेनूवरील बेरीज 45 ते 47 डॉलरांच्या आत ठेवावी लागते. जेवण घरी नेल्यास ती 53 डॉलरांपर्यंत जाऊ शकते. मेनू हातात घेतल्यावर हा आकडा डोक्यात ठेवावा, बाकीचे सोपे होते.

टिपबद्दल येथे नव्याने आलेल्या लोकांची फार ओढाताण होते, म्हणून स्पष्ट सांगतो. ओंटारियोमध्ये मद्य वाढणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी असलेला कमी किमान वेतनाचा दर 1 जानेवारी 2022 पासून रद्द झाला असून त्यांनाही सर्वसाधारण किमान वेतन मिळते; ऑक्टोबर 2025 पासून ते तासाला 17.60 डॉलर आहे. म्हणून टिप देऊ नये असे मी म्हणणार नाही, कारण माझी स्वतःची बरीच वर्षे टिपच्या डब्यातील वाट्यावर गेली आहेत. परंतु बसून जेवल्यास करापूर्वीच्या रकमेवर 15 टक्के देणे पुरेसे सभ्य आहे आणि काउंटरवरून पिशवी उचलून नेताना मशीनवरचा शून्याचा पर्याय दाबण्यात कसलाही संकोच बाळगू नये. घरपोच मागवण्याच्या ॲपचा मार्ग मात्र आपल्यासाठी पूर्णपणे बंद समजावा. ॲपचे कमिशन 30 टक्क्यांपर्यंत जाते, ते भरून काढण्यासाठी हॉटेलवाले तेथील दर वाढवून ठेवतात आणि त्यावर पुन्हा सेवा शुल्क, पोचवण्याचे शुल्क व टिप. तेच हॉटेल फोनवर घेतलेली ऑर्डर आनंदाने तयार ठेवते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या धंद्यात साधारण असे धरतात की पदार्थाच्या विक्रीच्या दरात मालाचा वाटा 30 टक्क्यांच्या आसपास असावा, जवळजवळ तितकाच मजुरीचा आणि उरलेल्यात भाडे, गॅस, वीज व नफा. म्हणजे आपण कोबी-गाजराचे पैसे देत नसून ते चिरणाऱ्या हातांचे आणि त्या जागेच्या भाड्याचे पैसे देत असतो. त्यामुळे ज्या पदार्थाला ऑर्डर आल्यानंतर कमी हात लागतात, तो पदार्थ हॉटेलला स्वस्त विकता येतो. मी ज्या स्वयंपाकघरात होतो तेथे सकाळी नऊ वाजता नूडल्स उकळून, तेल लावून मोठ्या ट्रेमध्ये पसरल्या जात. मांचुरियनचे गोळे पहिल्यांदा तळून ठेवले जात. आले-लसूण आणि हिरव्या मिरच्यांचे वाटण बादलीभर होई. बारा वाजता ऑर्डर आली की कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाला एक ताट तयार करण्यास तीन-चार मिनिटे लागत. लंच स्पेशल म्हणजे याच तयारीची विक्री होय. स्वयंपाक्याचा पगार चालूच असतो, भात शिजलेला असतो, टेबले रिकामी असतात. तेव्हा मालक मालाच्या खर्चावर थोडे मिळाले तरी समाधानी असतो. संध्याकाळी सात वाजता तोच मालक तोच पदार्थ त्या दरात देणार नाही, कारण तेव्हा त्याला टेबल रिकामे व्हायला हवे असते.

म्हणून नव्या हॉटेलात गेल्यावर मेनूची शंभर नावे वाचत बसू नये. आजूबाजूच्या टेबलांवर काय आहे ते पाहावे. चारपैकी तीन टेबलांवर एकच पदार्थ दिसत असेल, तर त्या स्वयंपाकघराची सगळी सकाळ त्या पदार्थासाठी खर्ची पडलेली आहे. तोच तेथे ताजा, चांगला आणि रास्त दराचा असतो. फो हे व्हिएतनामी नूडल्सचे सूप विकणाऱ्या हॉटेलात पॅड थाय, म्हणजे थाय पद्धतीच्या परतलेल्या नूडल्स, मागवणे हा पैसे वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आणखी एक अडचण अशी की लंच स्पेशल बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवार अकरा ते तीन असते आणि आपण शनिवारी जाता. मुलांना सुट्टी असेल किंवा आपले काम घरून असेल, तर महिन्यातील दोन शनिवार सोडून त्याऐवजी शुक्रवारची दुपार धरावी. काही हॉटेले शनिवारीही हे दर ठेवतात, ते फोनवर विचारून घ्यावे.

आपल्या कुटुंबासाठी पहिली निवड म्हणून मी निःसंकोचपणे हाका चायनीज सुचवीन. महाराष्ट्रात आपण ज्याला नुसते ‘चायनीज’ म्हणतो आणि नाक्यावरच्या गाडीवर खातो, त्याचेच हे येथील रूप आहे आणि त्यामागे खरा इतिहास आहे. कोलकात्याच्या टांगरा भागात हाका या चिनी समाजाची कुटुंबे कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. 1962 च्या युद्धानंतर भारतातील अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. पुढे बऱ्याच जणांनी देश सोडला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॅनरी शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिल्यावर उरलेल्या धंद्यालाही ओहोटी लागली. या लोकांपैकी पुष्कळ जण टोरंटोच्या परिसरात स्थिरावले आणि येथे त्यांच्या हातची चव ‘हाका’ या नावानेच ओळखली जाऊ लागली. मांचुरियनचे जनकत्व मात्र मुंबईकडे जाते. 1975 च्या सुमारास नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो पदार्थ प्रथम केला असे सांगितले जाते.

याचा आपल्याला व्यवहारात फायदा असा की हाका स्वयंपाक्याला ‘शाकाहारी, अंडे नको’ याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. चिली पनीर, व्हेज मांचुरियन, व्हेज हाका नूडल्स हे तेथील नेहमीचे पदार्थ आहेत. मांस काढून तयार केलेली तडजोड नव्हे. शिवाय एका प्लेटमध्ये दोघांचे पोट भरते. चौघांनी चार प्लेट मागवणे ही येथे नव्याने आलेल्यांची ठरलेली पद्धत आहे आणि अर्धे जेवण डब्यात भरून घरी न्यावे लागते. आपण एक नूडल्स, एक ग्रेव्हीचा शाकाहारी पदार्थ आणि एक मांसाहारी कोरडा पदार्थ मागवावा. साधा भात घरून शिजवलेला असेल तर पार्सल नेल्यावर तोही घ्यावा लागत नाही. तीन पदार्थ प्रत्येकी 16 डॉलरांचे धरले तरी कर धरून 54 डॉलर होतात. यातील बरीच हॉटेले हलाल असतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचारावे. तिखटाचा अंदाजही आधी द्यावा, कारण तेथील ‘मीडियम’ मुलांना झेपणारे नसते.

व्हिएतनामी जेवण आपल्यासाठी अर्धे सोयीचे आहे. फोचा मोठा वाडगा 15 डॉलरांच्या आगेमागे मिळतो आणि गोमांसाची हाडे तासन्तास उकळून काढलेल्या त्या रश्श्यामागचे श्रम पाहता तो दर खरोखर कमी आहे. एक मोठा वाडगा आणि एक रिकामा वाडगा मागितल्यास दोन लहान मुले त्यात सहज जेवतात. जे गोमांस खात नाहीत त्यांनी चिकन फो मागवताना रस्सा वेगळा असतो का हे विचारावे. नुसत्या भाज्या घातलेला फो पत्नीसाठी मागवू नये, कारण भाज्या वर असल्या तरी खाली रस्सा बहुधा तोच असतो. मेनूवर ‘चाय’ असे लिहिलेले असेल, इंग्रजी अक्षरांत सी-एच-ए-वाय, तर तो पदार्थ शाकाहारी म्हणूनच केलेला असतो. टोफू घातलेला बान्ह मी पाव हा मात्र जवळजवळ सर्वत्र मिळतो आणि शहरातील सर्वांत किफायतशीर जेवणांपैकी एक आहे. त्यातील मेयोनेज काढायला सांगावे, त्यात अंडे असते.

शाकाहारी माणसाच्या पदरी पैशाचे मोल पडावे असे वाटत असेल, तर जन्मतःच शाकाहारी असलेले पदार्थ शोधावेत. ‘त्यातले चिकन काढा’ म्हटल्यावर चिकन निघते, दर निघत नाही. उत्तर चीनकडील गव्हाच्या पदार्थांच्या हॉटेलांत या दृष्टीने चांगली निवड असते. कांद्याच्या पातीचा पराठा, काकडी-लसणाची थंड कोशिंबीर आणि शान्शी प्रांताची ल्यांगपी. ही ल्यांगपी एकदा जवळून पाहण्यासारखी आहे. कणकेचा गोळा पाण्यात धुऊन त्यातला सगळा स्टार्च काढतात, तो निवळून त्याची पातळ पापडीसारखी थाळी वाफवतात आणि तिच्या रुंद पट्ट्या कापतात. धुऊन उरलेला चिवट भाग वाफवला की तो स्पंजासारखा होतो आणि त्याचे तुकडे वर घालतात. त्यावर व्हिनेगर, लसणाचे पाणी, मिरचीचे तेल. कुरडईसाठी गव्हाचा चीक काढलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही कृती पाहताच ओळखीची वाटेल. पदार्थ थंडच वाढायचा असल्याने तो सकाळी करून ठेवतात, म्हणून दरही आटोक्यात असतो.

काटेकोर शाकाहाराला दगा देणाऱ्या गोष्टी ठरावीक आहेत. ऑयस्टर सॉस कालवांच्या अर्कापासून करतात आणि तो हिरव्या भाज्यांवर सर्रास घालतात. ‘व्हेज’ सूपमध्ये चिकन पावडर असू शकते. थाय करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते. कोरडी परतलेली फरसबी निष्पाप दिसते, पण तीत खिमा किंवा सुकी कोळंबी असू शकते. डिमसममधील (चहासोबत खाण्याच्या छोट्या चिनी पदार्थांतील) मुळ्याच्या वड्यांत सॉसेजचे तुकडे असतात. त्यामुळे ‘आम्ही व्हेजिटेरियन आहोत’ एवढे सांगून थांबू नये. मांस, मासे, अंडे, ऑयस्टर सॉस आणि चिकन पावडर नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे. कढई वेगळी मिळेल का हे गर्दी नसताना विचारले तर बहुधा मिळते; शनिवारी रात्री आठ वाजता कोणी होकार दिला तरी मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

आपल्या आईंचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. चिनी बौद्ध परंपरेतील शाकाहारी हॉटेलांत कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीतील इतर उग्र वनस्पती मुळातच वर्ज्य असतात. त्या वर्ज्य पदार्थांत हिंगही आहे. तेव्हा चातुर्मासापेक्षा त्यांचा नियम एक पाऊल पुढेच आहे. टोरंटोच्या परिसरात अशी हॉटेले आहेत आणि त्यांचे दर साध्या चिनी हॉटेलांसारखेच असतात. फक्त तेथे टोफू व गव्हाच्या सत्त्वापासून केलेले ‘बदक’ किंवा ‘मासा’ अशी नावे मेनूवर दिसतात. आईंना नावाचाही तिटकारा असेल तर आपणच आधी पाहून ऑर्डर द्यावी.

कोरियन जेवणात सोबत येणाऱ्या छोट्या वाट्या फुकट असतात आणि पुन्हा मागता येतात, ही जमेची बाजू. पण किमचीमध्ये, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीमध्ये, बहुधा माशांचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते आणि टोफूच्या रश्श्याला अनेकदा वाळवलेल्या माशांचे पाणी असते. आपल्या घरात बिबिम्बाप, म्हणजे भातावर भाज्या घातलेला वाडगा, चालेल, मांस व अंडे वगळून. फिलिपिनो जेवण मुलांना आवडेल, पत्नीला तेथे भाताखेरीज फारसे काही मिळणार नाही. ‘हवे तितके खा’ प्रकारची सुशी मी आपल्याला ठामपणे नको म्हणेन. त्या ताटाचा दर माशांच्या किमतीवर बेतलेला असतो आणि काकडी-ॲव्होकाडोचे रोल खाणाऱ्या व्यक्तीने तो भरणे म्हणजे शेजारच्या टेबलाचा सामन मासा आपल्या खर्चाने खाऊ घालणे होय. डिमसम प्रौढ मांसाहारी मंडळींसाठी उत्तम आहे आणि अनेक ठिकाणी सकाळी अकरापूर्वी दर कमी असतात. माणशी चहाचे पैसे लागतात हे ध्यानात ठेवावे.

आता ज्याला लोक हॉटेल मानत नाहीत अशा जागांबद्दल. सेंट्रल पार्कवे वेस्टवर टी अँड टी हे आशियाई मालाचे सुपरमार्केट आहे, त्याच रस्त्यावर गोल्डन स्क्वेअरचा प्लाझाही आहे. अशा सुपरमार्केटच्या गरम जेवणाच्या काउंटरवर टिपचा प्रश्नच येत नाही आणि उरलेला माल संपवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी दर उतरवतात. घेताना वाफ दिसते का ते पाहावे. गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवण्याचा नियम आहे आणि ट्रेच्या कडेला कोरडी खपली धरलेली असेल तर तो पदार्थ सोडून द्यावा. त्याच दुकानातील गोठवलेली भाजीची डम्पलिंग किराणा मालात मोडतात, म्हणून त्यांवर कर नाही. मुलांच्या डम्पलिंगच्या हट्टावर माझा उपाय हाच आहे. हॉटेलात दहा डम्पलिंगांना जे पडते त्यात येथे मोठी पिशवी येते आणि वाफवायला दहा मिनिटे लागतात.

चिनी बेकरीत कराचा आणखी एक नियम उपयोगी पडतो. टार्ट, केक, पेस्ट्री यांसारखे गोड पदार्थ सहापेक्षा कमी घेतल्यास कर लागतो, सहा किंवा अधिक एकत्र घेऊन घरी नेल्यास लागत नाही. पत्नी अंडे खात नसल्या तरी बाकीच्यांसाठी पाच एग टार्ट घेण्यात अर्थ नाही, सहाच घ्यावेत. एकट्याने खाताना चार डॉलरांचा नियम ध्यानात ठेवावा: तयार खाद्यपदार्थांची एकूण खरेदी 4 डॉलर किंवा त्याहून कमी असेल तर 13 ऐवजी 5 टक्केच कर लागतो. ऑफिसला जाताना चहा आणि एक बन यांत बसतो. श्रीलंकन तमिळ टेकआउट दुकानांतले रोलही बसू शकतात. या दुकानांचे खरे माहेर टोरंटोचा स्कारबरो भाग, पण मिसिसागातही ती सापडतात. तेथील इडियाप्पम, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, डाळ आणि नारळाच्या चटणीसह घेतल्या तर चौघांचे जेवण माझ्या माहितीतील कोणत्याही हॉटेलपेक्षा स्वस्तात होते. फक्त त्या चटणीत सुक्या मासळीचा चुरा नाही ना, हे पत्नीसाठी विचारून घ्यावे.

जागा निवडताना मोठ्या मॉलऐवजी डंडास स्ट्रीटसारख्या रस्त्यांवरील जुन्या प्लाझांकडे वळावे. तेथील भाडे तुलनेने कमी असते आणि ते दरात दिसते. अंतर्गत सजावटीवरून स्वच्छतेचा अंदाज बांधू नये. मिसिसागा ज्यात येते त्या पील विभागाच्या आरोग्य खात्याची तपासणीची पाटी दाराशी लावलेली असते. हिरवी म्हणजे उत्तीर्ण, पिवळी म्हणजे सशर्त, लाल म्हणजे बंद. पिवळी पाटी दिसली तर कारण खात्याच्या संकेतस्थळावर वाचता येते. सैल झालेल्या फरशीसाठी मी जेवण सोडणार नाही, पण फ्रीजच्या तापमानासाठी नक्की सोडीन.

आई-वडील आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना बाहेर नेण्याची घाई करू नये. प्रवासाचा शीण आणि अनोळखी वास एकत्र आले की ‘मला काही नको, तुम्ही खा’ हे वाक्य ठरलेले असते. आधी एखादे बौद्ध शाकाहारी हॉटेल ठरवून तेथे आपण दोघांनी जेवून पाहावे. नंतर त्यांना न्यायच्या आदल्या दिवशी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान फोन करावा. दुपारची गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळची सुरू झालेली नसते आणि लहान हॉटेलात त्या वेळी फोन उचलणारी व्यक्ती बहुधा मालक किंवा मुख्य स्वयंपाकी असते. किती माणसे, काय वर्ज्य, तिखट किती आणि किती वाजता, एवढे सांगितले की कोणता पदार्थ मागवावा हे ती व्यक्ती स्वतःच सुचवते.